सहा मग

आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यातला चिकटवायचा सरस असा जहाल, की एकदा त्याच्या डब्यावर बसलेली माशी पुढे एका शब्दकोशात सापडली. तीही बरोबर ‘माशी’ या शब्दाशेजारी. मी हे सांगायला लागलो की शिलाईवाल्या मावशी सुई हवेत थांबवून म्हणायच्या, “मामा, गेल्या महिन्यात ती ‘मक्षिका’पाशी होती.”

“सुधारित आवृत्ती निघाली,” मी म्हणायचो.

यावर कारखान्यात एकच माणूस हसायचा नाही. तो विचार करायचा. पाच मिनिटांनी टेबलाच्या दुसऱ्या टोकाहून त्याचा आवाज यायचा, “मामा, पण माशी चिकटल्यावर पान कापायला गेलं, तेव्हा कुणीच कसं पाहिलं नाही?”

तो फर्मा. माझा भाचा. छापखान्यातून आलेल्या मोठ्या कागदाला घड्या घातल्या की सोळा पानांचा एक जुडगा तयार होतो, त्याला आम्ही फर्मा म्हणतो. भाचा उभा राहिला तर कपाळ पंख्याच्या पात्याची विचारपूस करून यायचं, आणि बसायचा तेव्हा इतक्या ठिकाणी दुमडायचा की मावशींनीच पहिल्या दिवशी बारसं केलं, “हा तर फर्माच आहे की!” तेच नाव राहिलं. वय छत्तीस, बोलणं कमी, हात मात्र असा की कागदालाही कळू नये आपल्याला कुणी उचललं ते.

त्याचं काम जुळवणीचं. लांबलचक टेबलावर अठरा ढीग मांडलेले. पहिल्या फर्म्याचा ढीग डाव्या टोकाला, अठराव्याचा उजव्या. डावीकडून निघायचं, प्रत्येक ढिगातला एक उचलायचा, उजव्या टोकाला पोचलं की हातात एक अख्खं पुस्तक. पुन्हा डावीकडे. असं दिवसाला पाचशे वेळा. या कामात भले भले चुकतात. एक जण तर प्रेमात पडला होता तेव्हा त्यानं एका कायद्याच्या पुस्तकात नऊ नंबरचा फर्मा दोनदा घातला आणि दहावा घातलाच नाही. ते पुस्तक वाचून एक वकील खटला जिंकला म्हणतात, पण ते राहू द्या. फर्मा तेरा वर्षांत एकदाही चुकला नाही.

आणि हाच माणूस सकाळी आपल्या खोलीत शर्ट घालून आंघोळ करायचा.

हसू नका. म्हणजे हसा थोडं, तो स्वतःही हसतो. पण ऐका.

बाविसाव्या वर्षी त्याला आजार झाला. आधी पंख्यातून कुणीतरी हाका मारायला लागलं, मग भिंतीतून. वर्षभर घर नुसतं धावत होतं. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. गोळ्या सुरू झाल्या आणि हाका हळूहळू लांब गेल्या. तो म्हणतो, आता शेजारच्या बिल्डिंगमध्ये कुणी रेडिओ लावल्यासारख्या वाटतात, लक्ष नाही दिलं तरी चालतं. पण हाका गेल्या तरी एक गोष्ट परत आली नाही. ती गेलीय हेच आम्हाला कित्येक महिने कळलं नव्हतं.

क्रम गेला होता.

त्याला दात घासता येत होते, चहा करता येत होता, कुलूप लावता येत होतं. एकेक काम सुटं दिलं तर चोख. पण सकाळ म्हटलं की सगळं विस्कटायचं. चहाची पूड कपात, दूध पातेल्यात, आणि नुसतं उकळतं पाणी पिऊन कामावर. कधी बाहेर जायची चप्पल घालून पुन्हा अंथरुणात. मी एकदा चिडून म्हटलं, “अरे, तुला माहीत नाही का चहा कसा करतात?”

“माहीत आहे ना, मामा,” तो म्हणाला. “सगळं माहीत आहे. पण सगळं एकदम दारात येऊन उभं राहतं. आधी कुणाला आत घ्यायचं ते कळत नाही.”

मी त्यानंतर चिडलो नाही. निदान त्याच्यावर नाही.

दारातल्या या गर्दीला रांगेत उभं करायचं काम बारा वर्षं त्याच्या थोरल्या बहिणीनं केलं. ताई दोन गल्ल्या सोडून राहायची. फर्म्याची खोली कारखान्याच्या बरोबर वर. ताई रोज सकाळी साडेसातला जिना चढायची, दारात उभी राहायची आणि एकच शब्द बोलायची. तो दात घासून थांबला की, “मग?” तो आंघोळीला जायचा. बाहेर येऊन थांबला की, “मग?” तो कपडे घालायचा. गोळी घेऊन तो खाली उतरेपर्यंत असे सहा वेळा. खाली आम्हाला ते ऐकू यायचं. सहावं ‘मग’ झालं की मावशी सुईत दोरा ओवायच्या, नऊ वाजले म्हणून.

बारा वर्षांत ताई किती वेळा आजारी पडली असेल? पडलीच नाही. पडायला वेळ कुठे होता तिला!

आणि मग तिच्या नवऱ्याची बदली झाली. लांब, रेल्वेनं दीड दिवस. जावईबापू पुढे गेले, पोरांच्या शाळा ठरल्या, ताई मागे राहिली ती फक्त एका प्रश्नासाठी.

“तो माझ्याबरोबर येईल,” ती म्हणाली.

“मला यायचं नाही,” फर्मा म्हणाला.

“तिथं तुला वेगळी खोली देईन.”

“तिथं टेबल आहे का?”

टेबल नव्हतं. तिथं बाइंडिंगचा कारखाना नव्हता, मावशी नव्हत्या, अठरा ढीग नव्हते. तेरा वर्षांत त्यानं स्वतःसाठी मिळवलेली एकच गोष्ट होती, ती इथं होती. हे ताईला कळत होतं. पण ती गेल्यावर सकाळी दारात कोण उभं राहणार, हेही तिलाच कळत होतं. मी म्हटलं, मी राहतो. ती म्हणाली, “मामा, तुमचं वय काय? आणि तुम्ही ‘मग’ म्हटल्यावर तुमचीच गोष्ट सुरू होईल, त्याची आंघोळ राहील.” खरं होतं ते.

आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाईंनी फर्म्यापुढे आठ चित्रं पसरली. माणूस घरातून निघतो, रस्त्यानं चालतो, दुकानात शिरतो, वस्तू निवडतो, असं करत घरी परत येतो. “ही क्रमानं लावा बरं,” त्या म्हणाल्या.

फर्म्यानं सगळ्यात आधी घरी परत आल्याचं चित्र ठेवलं.

“हे पहिलं का हो?”

“घरी परत आल्याशिवाय दुकानात गेलो होतो हे कळणार कसं?”

बाईंनी चष्मा काढून पुसला. मला वाटतं, त्यांना काही क्षण ते पटलंही असावं. मग त्यांनी आम्हाला नीट समजावलं. प्रत्येकाच्या डोक्यात रोजच्या कामांचे धडे असतात म्हणाल्या. आंघोळीचा, बाजारहाटाचा, पाहुणे आल्याचा. आपण ते न वाचताच म्हणत जातो. या आजारात पुष्कळांचे ते धडे ढिले होतात. काय काय करायचं ते आठवतं, पण आधीचं नंतर होतं, मधलं गळतं, कधी एका धड्यातलं दुसऱ्यात शिरतं. आळस नाही, वेंधळेपणा नाही.

“म्हणजे पानं शाबूत आहेत, शिलाई सैल झालीय,” मी म्हटलं.

“असं म्हणा हवं तर.”

“मग टेबलावर तो कसा चुकत नाही?”

“तुम्हीच सांगा,” बाई म्हणाल्या.

शेवटी बाईंनी एक वाट काढली. ताई जाण्याआधी दहा सकाळी फर्म्यानं एकट्यानं पार पाडायच्या. दात, आंघोळ, कपडे, चहा, गोळी, आणि नऊला टेबलाशी. कुणी खोलीत जायचं नाही, कुणी बोलायचं नाही. दहाच्या दहा जमल्या तर तो इथं राहील आणि महिन्यातून एकदा तपासणीला येईल. नाही जमल्या तर ताईबरोबर जाईल.

“कबूल?” ताईनं विचारलं.

“कबूल,” फर्मा म्हणाला.

ताईनं एक मोठा पुठ्ठा घेतला आणि जाड अक्षरांत सगळं लिहून त्याच्या भिंतीवर लावलं. बारा वर्षं जे तोंडानं म्हणत होती तेच तिच्या हातातून उतरलं.

उठणे मग दात मग आंघोळ मग कपडे मग चहा मग गोळी मग काम.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. फर्मा दुपारी भांड्यांच्या दुकानात गेला. दुकानदार माझा जुना मित्र, त्यानंच मला नंतर सांगितलं. फर्मा म्हणाला, “सहा मग द्या.”

“आंघोळीचे?”

“एक आंघोळीचा. एक उठण्याचा, एक दाताचा, एक कपड्याचा, एक चहाचा, एक गोळीचा.”

“घरात माणसं किती?”

“एक.”

दुकानदारानं मुकाट्यानं प्लॅस्टिकचे मग काढून दिले. लाल, निळा, हिरवा, पिवळा, पांढरा. सहावा रंग त्याच्याकडे नव्हता, म्हणून लहान मुलांचा एक दिला, बदकाचं चित्र असलेला.

संध्याकाळी ताई वर गेली आणि तिथूनच ओरडली, “मामा! अहो मामा, वर या!”

मी गेलो. भिंतीला लागून एक लांब फळी, तिच्यावर सहा मग ओळीनं मांडलेले. ताईचा चेहरा रडू की हसू असा.

“अरे राजा, मग म्हणजे... मग म्हणजे नंतर रे! हे झालं की ते!”

फर्म्यानं पुठ्ठ्याकडे पाहिलं, मगांकडे पाहिलं, पुन्हा पुठ्ठ्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले. “मला वाटलं, उठण्याचा मग. आंघोळीचा तर असतोच. मी म्हटलं, ताईनं बाकीच्यांचेही सांगितलेत.” त्याचा हात बदकाच्या मगाकडे गेला. “परत करून येऊ का?”

माझी नजर मात्र फळीवरून हलेना. डाव्या टोकाच्या लाल मगात त्यानं गजराचं घड्याळ ठेवलं होतं. निळ्यात ब्रश आणि पेस्ट. हिरव्यात साबण. पिवळ्यात शर्ट-पँटची गुंडाळी. पांढऱ्यात चहाची पूड आणि साखर, दोन पुड्यांत. बदकाचा रिकामा होता, गोळीसाठी. आणि त्याच्यापुढे खिळ्याला किल्ली.

“पोरी,” मी म्हटलं, “हे टेबल आहे.”

“काय?”

“जुळवणीचं टेबल! डावीकडून निघायचं, प्रत्येक ढिगातला एक उचलायचा. याच्या डोक्यात क्रम ठरत नसेल, पण पायांना कळतो. तो टेबलावर का चुकत नाही ठाऊक आहे? क्रम टेबलावर मांडलेला असतो म्हणून. डोक्यात ठेवावाच लागत नाही.”

फर्मा म्हणाला, “हो, तेच. अठराऐवजी सहा आहेत फक्त.” असं म्हणाला, जणू एवढं उघड असताना आम्ही इतका वेळ काय करतोय.

ताईनं पुठ्ठा काढून टाकला. गोळीचं तेवढं डॉक्टरीणबाईंना विचारून ठरलं, रोज संध्याकाळी मी दुसऱ्या दिवसाची एकच गोळी बदकात ठेवायची.

सोमवारी सकाळी लाल मगातलं घड्याळ वाजलं. आता प्लॅस्टिकच्या मगात घड्याळ वाजलं की काय होतं हे ज्यानं ऐकलंय त्यालाच कळेल. समोरच्या घरातला माणूस दाढी करत होता, त्याची एक मिशी त्या दिवशी गेली, दुसरी त्यानं नाइलाजानं काढली. पण फर्मा उठला. ताई आणि मी जिन्यात बसून ऐकत होतो. चूळ भरल्याचा आवाज, बादलीचा, पातेल्याचा. नऊला पाच कमी असताना किल्ली वाजली आणि तो आमच्या अंगावरून खाली गेला. जाताना म्हणाला, “जिन्यात बसू नका, पाय द्यायला जागा नाही.”

ताईनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दाबयंत्रातून काढल्यासारखी झाली.

एक झाली. दोन, तीन. पाचव्या दिवशी शर्ट उलटा होता, पण अंगात होता आणि आंघोळीनंतरचा होता. सातव्या दिवशी चहात साखर दोनदा पडली. नऊ झाल्या. ताईचं रेल्वेचं तिकीट अकराव्या दिवसाचं होतं. मावशींनी तिच्यासाठी दोन पिशव्या शिवून ठेवल्या, वाटेत खायचं न्यायला.

दहाव्या सकाळी दात घासून चूळ भरेपर्यंत नळ चालला. मग खाकरला, दोनदा उचकी दिली आणि बंद पडला.

आम्ही जिन्यातून ऐकत होतो. बादली सरकल्याचा आवाज आला. नळ फिरवल्याचा. पुन्हा फिरवल्याचा. त्यानंतर काहीच नाही.

सव्वाआठ. साडेआठ. वरून पायाचाही आवाज नाही.

“थांबलाय,” ताई कुजबुजली. “हिरव्या मगापाशी थांबलाय.”

मला एकदम कळलं काय झालं असणार ते. जुळवणीचा नियम मीच त्याला शिकवला होता. ढीग संपला तर पुढे जायचं नाही. सातवा नाही म्हणून आठवा उचललास, तर पुस्तक सडकं निघेल. थांबायचं. तो थांबला होता, कारण तो चांगला कामगार होता. आणि त्याच्या पुढे दोन मग सोडून गोळी होती.

“प्यायचं पाणी भरलेलं आहे,” ताई म्हणाली, “चहा होईल, गोळी होईल. फक्त आंघोळ सोडायची. एवढंच कुणीतरी सांगायला हवं.” तिचे ओठ ‘म’ म्हणायला मिटलेले मी पाहिले. ती उठलीच होती. मग तीच खाली बसली आणि तिनं पदर तोंडावर दाबला. बारा वर्षं रोज म्हटलेला शब्द गिळायला काय पडतं, ते मी तिच्या मानेच्या शिरांवर पाहिलं.

मला मात्र गिळता येत नाही. मी खाली गेलो. वरच्या जमिनीला ऐकू जाईल अशा आवाजात मी मावशींना म्हटलं, “मावशी! सातवा फर्मा संपलाय! आता काय करायचं?”

मावशी सुईतून वर पाहतच राहिल्या. “काय बाई, मामा, सकाळी सकाळी?”

मी डोळा मारला. छताकडे बोट दाखवलं. मावशींना कळलं, आणि त्या बेंबीच्या देठापासून ओरडल्या, “त्यात काय! चिठ्ठी घाला त्या जागी, काय बाकी आहे ते लिहा, आणि पुढं चला! आला की मागाहून घालू!”

“असं म्हणता? चिठ्ठी घालून पुढं जायचं?”

“तर काय, गाव जमवून शोक करायचा?”

नाटक झकास वठलं. मी जिन्यात परत येऊन बसलो. वर कसलातरी आवाज झाला, काहीतरी पडलं, कागद चाळल्यासारखं झालं. मग पुन्हा शांत. मग बऱ्याच वेळानं पातेलं वाजलं.

फर्मा खाली आला तेव्हा नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती.

“गोळी?” ताईनं विचारलं. आता विचारायला हरकत नव्हती.

“घेतली. चहा घेतला. आंघोळ बाकी आहे, नळ बंद आहे, चिठ्ठी टाकलीय मगात.” मग तो माझ्याकडे वळला. “मामा, सातवा फर्मा परवाच आलाय. दोन गठ्ठे. मीच मोजून घेतले. तुम्ही संपला म्हणून का ओरडत होता?”

“तुला... चिठ्ठीचं आठवावं म्हणून रे.”

“चिठ्ठी मी लिहीतच होतो. आधी नळाची वाट पाहिली, मग म्हटलं आता लिहावी. तेवढ्यात तुम्ही ओरडलात. मला वाटलं माझीच मोजणी चुकली. मग वही काढली, सगळे गठ्ठे पुन्हा मोजले वहीत. तोवर कुठल्या मगापाशी होतो तेच हरवलं. पुन्हा लालपासून निघालो.” तो टेबलाशी गेला, सातव्या ढिगावर हात ठेवून खात्री करून घेतली. “नाहीतर वेळेत येत होतो.”

मावशी सुईकडे बघायला लागल्या. मी कुठे बघावं ते कळेना. आयुष्यभर थापा मारल्या, माशीची मारली, वकिलाची मारली, कुणाचं काही बिघडलं नाही. आणि एक थाप मदतीची मारली, तर ती पोराच्या वीस मिनिटांवर जाऊन पडली.

“ताई, चूक माझी आहे,” मी म्हटलं. “हा वेळेतच होता.”

“कळलं मला, मामा.” ती रागावली असती तर बरं झालं असतं. “पण आज तुम्ही ओरडलात. उद्या रस्त्यावर कुणी ओरडेल, शेजारी भांडण होईल, दाराची बेल वाजेल. तेव्हा हा हरवला, तर मी दीड दिवस लांब.”

ताई वर गेली. थोड्या वेळानं फर्म्याचे कपडे भरलेली बॅग घेऊन खाली आली आणि मावशींच्या शेजारी स्टुलावर बसली. फर्म्यानं ती बॅग पाहिली. त्याचा हात चौथ्या ढिगावर क्षणभर थांबला. मग त्यानं चौथा उचलला, पाचवा उचलला, आणि चालत राहिला. मी एक नवीन गोष्ट रचून ठेवली होती, कटिंग मशिननं एकदा सावली कापली त्याची, ती त्या दिवशी तशीच राहिली.

दुपारी सव्वातीनला कोपऱ्यातल्या नळानं घसा साफ केला आणि धार धरली.

फर्मा अकराव्या ढिगापाशी होता. हातात दहा फर्म्यांचं अर्धं पुस्तक. त्यानं डोकं वर केलं. हातातलं पुस्तक अकराव्या ढिगावर आडवं ठेवलं, त्यात कागदाचा एक कपटा खोचला आणि जिना चढून गेला. कुणाला काही विचारलं नाही.

वर बादली भरल्याचा आवाज आला. पाणी पडल्याचा.

ताई स्टुलावरून उठली होती. मावशींनी तिला हातानं दाबून बसवलं. माझ्याकडे त्यांनी अशी नजर टाकली, की मी तोंड उघडलं असतं तर ओठ शिवले असते.

वीस मिनिटांनी फर्मा खाली आला. केसांतून पाणी गळत होतं, शर्टाची बटणं एकेक घर चुकलेली. त्यानं खिशातून सकाळची चिठ्ठी काढली, ‘आंघोळ बाकी, नळ बंद’, आणि फाडून कचऱ्याच्या टोपलीत टाकली. मग अकराव्या ढिगावरचं अर्धं पुस्तक उचललं, कपटा काढला, अकरावा घेतला, बारावा घेतला.

ताई त्याच्यापाशी गेली. तिचा हात त्याच्या बटणांकडे गेला, अर्ध्यावर थांबला आणि मागे आला.

तिनं कारखान्यातूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. एकच बाजू ऐकू येत होती.

“हो, गोळी घेतली... नाही, कुणी सांगितली नाही... नऊला नाही, नऊ वीसला. ते मामांमुळं... आंघोळ सव्वातीनला केली. हो, आपणहून. काम ठेवून गेला, आणि परत येऊन जिथं सोडलं होतं तिथूनच धरलं...” मग ती बराच वेळ ऐकत राहिली, आणि एकदम हसली. दहा दिवसांत पहिल्यांदा. फोन ठेवून म्हणाली, “त्या म्हणाल्या, त्यांच्याकडेही पाणी नव्हतं. त्यांची आंघोळ अजून राहिलीय.”

“आणि बाकीचं?” मी विचारलं.

“बाकीचं मी ठरवायचं म्हणाल्या.”

ती बॅगेशी वाकली. चेन उघडली, शर्टांचा गठ्ठा काढला आणि टेबलाच्या कडेला ठेवला. मग पँट, टॉवेल. फर्मा अठराव्या ढिगापर्यंत पोचला, पुस्तक ठोकून कडा सारख्या केल्या, खाली ठेवलं आणि मगच वळून पाहिलं.

“वर नेऊन ठेव,” ताई म्हणाली. “चुरगळले तर मी नाही इस्त्री करायला.”

त्यानं कपडे छातीशी धरले.

“रोज फोन करायचा मला,” ती म्हणाली.

“कधी?”

“केव्हाही रे.”

त्याच्या कपाळावर आठी पडली. “केव्हाही म्हणजे कशानंतर?”

ताईनं डोळे पुसले. “काम सुटल्यावर. हात धुतल्यावर.”

“हात धुतल्यावर. बरं.” त्यानं मान हलवली. पायरीवर एक पाय ठेवला आणि पुन्हा थांबला. “फोनवर काय बोलू?”

“दिवसभरात काय काय केलंस ते सांग.”

“क्रमानं?”

“कसंही सांग,” ताई म्हणाली. “मी लावून घेईन.”